स्तोत्रसंहितेत मशीहा कसा वाचतात: नव्या वाचकासाठी मार्गदर्शक

गुड फ्रायडेच्या उपासनेत स्तोत्र २२ वाचले जाते, ईस्टरला स्तोत्र ११८. नव्याने बायबल हाती घेणारा इथेच अडखळतो. ही गाणी येशूच्या कित्येक शतके आधीची, त्यांत त्याचे नाव एकदाही नाही. मग ती त्याच्याबद्दल आहेत असे ख्रिस्ती माणूस कशाच्या आधारावर म्हणतो?

थोडक्यात सांगायचे तर हे वाचन दोन टप्प्यांचे आहे. आधी स्तोत्रातला राजा किंवा दुःखी माणूस त्याच्या जागी उभा करायचा आणि मगच नव्या कराराने, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या दुसऱ्या भागाने, त्या स्तोत्रात नेमके कुठे बोट ठेवले ते पाहायचे. पहिला टप्पा गाळला की प्रत्येक ओळीत भविष्यवाणी दिसू लागते; दुसरा गाळला की ख्रिस्ती लोक काय म्हणतात तेच कळत नाही. पुढची सगळी कृती या क्रमावर बेतलेली आहे.

काय हाताशी घ्यावे

संदर्भवचने आणि तळटीपा असलेले बायबल, एक वही, एक पेन्सिल. शक्य असेल तर दुसरे एखादे भाषांतर. टीकाग्रंथ, म्हणजे बायबलचा अर्थ समजावणारी पुस्तके, सुरुवातीला बाजूलाच ठेवा, कारण ते आधी उघडले की दुसऱ्याचे उत्तर डोळ्यांसमोर ठेवून स्तोत्र वाचले जाते.

वहीत चार रकाने आखा: वचन (क्रमांक दिलेले वाक्य), स्तोत्रात बोलणारा कोण आणि प्रसंग काय, नव्या करारात ते कुठे आले, आणि दोन्हींचे नाते कोणत्या प्रकारचे. चौथ्या रकान्यात फक्त तीन खुणा वापरायच्या. ‘अ’ म्हणजे उघड उद्धरण, ‘असे लिहिले आहे’ किंवा ‘शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून’ अशा शब्दांनी आणलेले. ‘आ’ म्हणजे शब्द उचललेले दिसतात, पण लेखकाने तसे सांगितलेले नाही. ‘इ’ म्हणजे नव्या करारात काहीच नाही, नाते नंतरच्या मंडळीच्या परंपरेने जोडले. हा रकाना भरायला कंटाळा येतो, पण सगळ्या अभ्यासाचा कणा तोच आहे.

एका स्तोत्राला तीन बैठका द्या, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. पहिल्या बैठकीत स्तोत्र मोठ्याने दोनदा वाचायचे, संदर्भवचनांकडे न पाहता. दुसऱ्या बैठकीत वहीचे पहिले दोन रकाने भरायचे, तिसऱ्या बैठकीत उरलेले दोन.

क्रमांकांचा घोळ आधी मिटवा

स्तोत्रे १५०, पाच पुस्तकांत विभागलेली: १–४१, ४२–७२, ७३–८९, ९०–१०६ आणि १०७–१५०. मात्र सगळीकडे क्रमांक सारखे नाहीत. हिब्रू ग्रंथाचे जुने ग्रीक भाषांतर, सेप्टुअजिंट, ९ आणि १० ही स्तोत्रे एकत्र धरते. त्यामुळे तिथून पुढची बहुतेक स्तोत्रे एका अंकाने मागे जातात. ग्रीक किंवा लॅटिन परंपरेतल्या लेखकाने ‘स्तोत्र २१’ म्हटले तर ते तुमचे २२ असू शकते.

वचनांतही असाच फरक आहे. ‘दावीदाचे स्तोत्र’ यासारखा शिरोलेख हिब्रू प्रतींत अनेकदा पहिले वचन म्हणून मोजतात, म्हणून मराठीतले २२:१६ हिब्रूत २२:१७ होते. स्तोत्र ५१ मध्ये हा फरक दोन वचनांचा आहे. संदर्भ जुळत नाही असे वाटले तर आधी एक-दोन वचने मागेपुढे पाहा.

‘मशीहा’ हा शब्द शोधून भागत नाही

हिब्रू ‘माशीआख’ म्हणजे अभिषिक्त, ज्याच्या डोक्यावर तेल ओतले तो. ग्रीकमध्ये त्याचे ‘ख्रिस्तोस’ झाले, त्यावरून ‘ख्रिस्त’. पण जुन्या करारात हा शब्द एकाच भावी तारणाऱ्यासाठी राखून ठेवलेला नाही. याजकांचा अभिषेक होई, राजांचा होई. आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजालाही दावीद, जो पुढे स्वतः इस्राएलचा राजा झाला, ‘परमेश्वराचा अभिषिक्त’ म्हणतो (१ शमुवेल २४:६), आणि यशया ४५:१ मध्ये तर पारसाचा राजा कोरेश अभिषिक्त ठरतो.

स्तोत्रांत हा शब्द मोजून दहा वेळा येतो: २:२; १८:५०; २०:६; २८:८; ८४:९; ८९:३८ आणि ५१; १०५:१५; १३२:१० आणि १७. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या आणि तिच्यात काय नाही ते पाहा. १६ नाही, २२ नाही, ११० नाही, ११८ नाही. ख्रिस्ती वाचनाचे चारही मोठे खांब यादीबाहेर! उलट १०५:१५ मधले ‘अभिषिक्त’ अनेकवचनी आहेत आणि संदर्भ अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा आहे. केवळ शब्द शोधणारा माणूस म्हणूनच चुकीच्या दारात उभा राहतो.

राजा गेला, गाणी राहिली

आता पहिला टप्पा. २, १८, २०, २१, ४५, ७२, ८९, १०१, ११०, १३२ आणि १४४ या स्तोत्रांना अभ्यासक ‘राजस्तोत्रे’ म्हणतात. राज्यारोहण, लढाई, राजाचे लग्न अशा प्रसंगांची ही गाणी. त्यांची किल्ली २ शमुवेल ७:१२–१६ मध्ये आहे: दावीदाच्या वंशजाचे राजासन कायम टिकेल आणि देव त्याला मुलासारखे वागवील, असे वचन तिथे दिले आहे. हा उतारा आधी वाचल्याशिवाय स्तोत्र २ उघडू नका. ‘तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला आहे’ (२:७) हे पहिल्या अर्थाने राज्यारोहणाच्या दिवसाचे बोलणे आहे. सिंहासनावर बसला त्या दिवशी राजा देवाचा ‘पुत्र’ झाला.

पुढे इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले. मंदिर गेले, दावीदाच्या घराण्याची गादी रिकामी झाली. स्तोत्र ८९ इथे जरूर वाचा. पहिली ३७ वचने कराराचे गुणगान गातात आणि अडतिसाव्या वचनात एकदम सूर फिरतो: तूच आपल्या अभिषिक्ताला टाकून दिलेस, त्याचा मुकुट धुळीस मिळवलास.

राजाच नसताना राजाची गाणी कशाला जपायची? तरी ती जपली गेली, संहितेत ठेवली गेली, गायिली गेली. गादी रिकामी आणि गाणे चालू, अशा त्या फटीतून येणाऱ्या राजाची आशा वाढली. मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेल्या एका हस्तलिखितात २ शमुवेल ७ आणि स्तोत्र २ ची सुरुवात एकत्र ठेवून शेवटल्या काळाचा अर्थ लावलेला आहे. म्हणजे राजस्तोत्रे भविष्याकडे तोंड करून वाचायची रीत ख्रिस्ती लोकांनी शून्यातून काढली नाही. त्यांचा स्वतःचा दावा याच्या पुढचा आहे: तो राजा आला आणि तो नासरेथचा येशू.

नव्या कराराने कुठे बोट ठेवले

लूक २४:४४ मध्ये पुनरुत्थित येशू शिष्यांना सांगतो की मोशेचे नियमशास्त्र, संदेष्टे आणि स्तोत्रे यांत माझ्याविषयी जे लिहिले आहे ते पूर्ण होणे भाग होते. कोणती स्तोत्रे, हे तिथे सांगितलेले नाही. ते इतर पानांवरून गोळा करावे लागते.

सुरुवातीला एवढी स्थळे पुरेत. स्तोत्र २:७ प्रेषितांची कृत्ये १३:३३ आणि इब्री १:५ मध्ये येते. १६:८–११ येशूचा शिष्य पेत्र याच्या पेंटेकॉस्ट सणाच्या दिवशीच्या भाषणात (प्रे. कृत्ये २:२५–२८). ३१:५ येशूच्या शेवटच्या शब्दांत (लूक २३:४६). ४५:६–७ इब्री १:८–९ मध्ये. ६९:९ योहान २:१७ मध्ये. ११८:२२ म्हणजे बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड मत्तय २१:४२, प्रे. कृत्ये ४:११ आणि १ पेत्र २:७ मध्ये. त्याच ११८ मधले ‘तारण कर’ हे हिब्रूत ‘होशिआ ना’. तेच ‘होसान्ना’ होऊन मत्तय २१:९ मध्ये लोकांच्या तोंडी येते. एकाच अध्यायात एका स्तोत्राचा गजरही आहे आणि नकारही, हे ध्यानात ठेवून तो अध्याय वाचा.

स्तोत्र ७२ मात्र वेगळे पडते. न्यायी राजा, गरिबांचा कैवारी, समुद्रापासून समुद्रापर्यंत राज्य: वर्णन इतके चपखल की नवशिका त्याला डोळे झाकून ‘अ’ देतो. नव्या करारात त्याचे उघड उद्धरण नाही. खूण ‘इ’.

स्तोत्र ११०: एक वचन, दोन ‘प्रभू’

नव्या करारात सर्वात जास्त वापरले गेलेले जुन्या करारातले वचन म्हणजे ११०:१. परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो, मी तुझे वैरी तुझे पादासन करीपर्यंत तू माझ्या उजवीकडे बैस. मार्क १२:३५–३७ मध्ये येशू यावरूनच शास्त्र्यांना कोड्यात टाकतो: दावीद स्वतः त्याला प्रभू म्हणतो, तर तो दावीदाचा पुत्र कसा?

ग्रीकमध्ये दोन्ही जागी ‘किरिओस’ आहे, त्यामुळे कोडे अधिकच गुंतागुंतीचे वाटते. हिब्रूत शब्द दोन आहेत. पहिला देवाचे चार अक्षरी नाव, जे काही मराठी भाषांतरांत ‘यहोवा’ तर काहींत ‘परमेश्वर’ असे येते. दुसरा ‘अदोनी’, म्हणजे ‘माझे धनी’, जो राजाला किंवा मालकाला उद्देशून वापरतात. इथे नेहमीची चूक अशी की दुसऱ्या शब्दावरूनच ‘पाहा, हा देव आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. तो शब्द एवढा भार पेलत नाही. दरबारातला गायक आपल्या राजाला ‘माझे धनी’ म्हणतो आहे, असा साधा अर्थ तिथे बसतो.

ख्रिस्ती युक्तिवादाचे वजन दुसरीकडे आहे. शिरोलेखाप्रमाणे बोलणारा दावीद धरला, तर त्याच्याहून वरचा धनी कोण, हा प्रश्न उरतो. शिवाय हा धनी देवाच्या उजवीकडे बसतो, आणि चौथ्या वचनात तो मलकीसदेकाच्या (अब्राहामाच्या काळचा राजा आणि याजक) परंपरेतला सर्वकाळचा याजकही ठरतो. यहूदा राज्याचा राजा याजक होऊ शकत नसे, याजकपद लेवीच्या वंशाचे. उज्जीया राजाने मंदिरात धूप जाळायला हात घातला आणि त्याच्या कपाळावर कोड उठले (२ इतिहास २६). राजा आणि याजक एकाच माणसात आणणारे हे वचन म्हणूनच इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने सातव्या अध्यायात धरून ठेवले आहे.

स्तोत्र २२: पूर्ण वाचा

‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ वधस्तंभावर येशूच्या तोंडी हे वाक्य मत्तय २७:४६ आणि मार्क १५:३४ मध्ये आहे. मत्तयात ‘एली’, मार्कात ‘एलोई’. ‘सबख्थनी’ हे क्रियापद अरामी आहे, स्तोत्रात हिब्रू ‘अझवतानी’ आहे. ‘एली’ ऐकून उभे असलेले लोक ‘हा एलीयाला (जुन्या काळचा संदेष्टा) हाक मारतो’ असे म्हणतात, तो गैरसमज या उच्चारामुळेच समजतो.

आता पहिला टप्पा. एक छळलेला माणूस बोलतो आहे. लोक त्याची टर उडवतात, डोकी हालवतात (७–८). हाडे निखळली आहेत, जीभ टाळूला चिकटली आहे (१४–१५). त्याच्या अंगावरचे कपडे तो जिवंत असतानाच वाटले जात आहेत (१८). एकविसाव्या वचनापाशी गाण्याला कलाटणी मिळते. देवाने ऐकले. बाविसाव्यापासून तोच माणूस मंडळीत उभा राहून स्तुती करतो आणि शेवटी पृथ्वीच्या सगळ्या सीमा परमेश्वराकडे वळतात.

दुसऱ्या टप्प्यात खुणा करा. डोकी हालवणे मत्तय २७:३९ मध्ये आहे, पण स्तोत्राचा उल्लेख नाही: ‘आ’. कपड्यांचे वचन योहान १९:२४ मध्ये ‘शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून’ या शब्दांसह येते: ‘अ’. बाविसावे वचन इब्री २:१२ मध्ये ख्रिस्ताच्या तोंडी घातले आहे: हेही ‘अ’.

कपड्यांच्या वचनापाशी जरा थांबा. ‘ते माझी वस्त्रे वाटून घेतात आणि माझ्या झग्यावर चिठ्ठ्या टाकतात.’ हिब्रू कविता एकच गोष्ट दोन ओळींत थोड्या फरकाने सांगते. मराठीत आपण ‘कपडेलत्ते’ म्हणतो तेव्हा कपडे वेगळे आणि लत्ते वेगळे मोजत नाही, तसेच हे. योहान मात्र दोन ओळींत दोन कृती पाहतो: शिपायांनी वस्त्रांचे चार वाटे केले, आणि बिनशिवणीचा झगा फाडण्याऐवजी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. त्याला कवितेची रीत ठाऊक नव्हती असे समजायचे कारण नाही. त्या काळच्या यहुदी वाचनात शास्त्रलेखातला प्रत्येक शब्द मोलाचा धरला जाई. दोन्ही अर्थ वहीत लिहा, एकाने दुसरा खोडू नका.

आणि सोळावे वचन? ‘त्यांनी माझे हातपाय विंधले.’ प्रवचनांत सर्वात जास्त ऐकू येणारे हेच. पण नव्या करारात ते कुठेही उद्धृत केलेले नाही. शिवाय पाठही वादाचा आहे. हिब्रूच्या प्रचलित प्रतींत तिथे ‘सिंहासारखे’ असा अर्थ होणारा शब्द आहे. सेप्टुअजिंट ‘खणले’ अशा अर्थाचे क्रियापद देते. आणि मृत समुद्राजवळच्या नहल हेवेर येथे मिळालेल्या तुकड्यात शब्दाच्या शेवटचे अक्षर वेगळे असून तो क्रियापदासारखा दिसतो. हिब्रूतली ती दोन अक्षरे, योद आणि वाव, दिसायला एकमेकांसारखी. फरक शेपटीच्या लांबीचा. म्हणून हे वचन पुरावा म्हणून कोणापुढे आपटू नका. २२ चे वजन त्यावर उभे नाही.

कबुलीची वचने: इथे बहुतेक जण घसरतात

एक वचन मशीहाचे म्हणून सगळे स्तोत्र त्याचेच, असे धरले की फार लवकर अडचण येते. ज्याने माझी भाकर खाल्ली त्यानेच लाथ उगारली (४१:९) हे योहान १३:१८ मध्ये यहूदा या शिष्याच्या विश्वासघाताबद्दल आले आहे. पण त्याच स्तोत्राच्या चौथ्या वचनात बोलणारा म्हणतो, मी तुझ्याविरुद्ध पाप केले आहे. ६९:९ येशूला लावले जाते आणि ६९:५ मध्ये बोलणारा आपला मूर्खपणा आणि दोष कबूल करतो. ४०:६–८ इब्री १०:५–७ मध्ये ख्रिस्ताच्या तोंडी, आणि ४०:१२ मध्ये माझ्या दुष्कर्मांनी मला गाठले. येशू निष्पाप, ही तर ख्रिस्ती श्रद्धा.

परंपरेने यावर दोन वाटा काढल्या. बिशप ऑगस्टीनने (इ.स. ३५४–४३०) म्हटले की स्तोत्रांत मस्तक आणि शरीर दोघेही बोलतात: कधी ख्रिस्त, कधी त्याची मंडळी, आणि पापाची कबुली शरीराची. दुसरी वाट प्रतिरूपाची. दावीद स्वतःबद्दलच बोलतो, पण छळला गेलेला अभिषिक्त म्हणून त्याच्या जीवनाचा आकार पुढे येणाऱ्याच्या आकाराशी जुळतो; आकार जुळतो, प्रत्येक रेघ नाही. नवशिक्याला दुसरी वाट सोपी जाते, कारण तिच्यात पहिला टप्पा शाबूत राहतो. अगदी हात आखडता घेणारेही होते: मोप्सुएस्तियाचा बिशप थिओडोर फक्त २, ८, ४५ आणि ११० एवढीच स्तोत्रे थेट ख्रिस्ताची मानी. इ.स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याला दोषी ठरवले, तरी त्याची यादी ताळा म्हणून आजही उपयोगी पडते.

४०:६ पाशी आणखी एक खाचखळगा आहे. तुमच्या स्तोत्रात ‘तू माझे कान उघडले आहेत’ असे काहीसे दिसेल, इब्री पत्रात ‘तू माझ्यासाठी शरीर तयार केलेस’. छपाईची चूक नाही. स्तोत्र हिब्रूवरून भाषांतरित झाले, पत्राचा लेखक सेप्टुअजिंट वापरतो. नव्या करारातले उद्धरण मूळ स्तोत्राशी शब्दशः जुळले नाही की आधी हेच कारण तपासा.

संदर्भ तोडला की काय होते

स्तोत्र ९१:११–१२ मत्तय ४:६ मध्ये येते: तो आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल. उद्धृत करणारा सैतान आहे. स्तोत्रातले ‘तुझ्या सर्व मार्गांत तुझे रक्षण करावे’ हे शब्द तो गाळतो, आणि पुढच्या वचनात सर्पाला तुडवण्याची गोष्ट आहे तिथवर जातच नाही. येशूची कथा स्तोत्रांना जोडताना वचन जुळते एवढ्यावर थांबणाऱ्याने हा उतारा वहीत चिकटवून ठेवावा.

यहुदी वाचन शेजारी ठेवा

ही स्तोत्रे यहुदी लोकांची प्रार्थना आहेत आणि आजही आहेत. मध्ययुगीन यहुदी भाष्यकार राशी (१०४०–११०५) स्तोत्र २ बद्दल सांगतो की आमच्या गुरूंनी ते मशीहा राजाला लावले, पण साध्या अर्थाने ते दावीदाबद्दल आहे. स्तोत्र ११० तो अब्राहामाशी जोडतो, २२ इस्राएलच्या निर्वासनाशी. दुसरीकडे बाबेलच्या तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या संग्रहात (सुक्का ५२अ), २:७–८ दावीदपुत्र मशीहाला लावलेले आहे. तेव्हा ‘यहुदी लोक मशीहा वाचतच नाहीत’ हेही खोटे, आणि ‘त्यांनाही हे मान्य होते’ असे म्हणून येशूपर्यंत उडी मारणेही चूक. मतभेद आहे तो मशीहा आला का आणि तो कोण, यावर. यहुदी शेजाऱ्याशी बोलताना स्तोत्र २२ चे सोळावे वचन घेऊन सुरुवात करणे हा संभाषण संपवण्याचा खात्रीचा उपाय आहे.

पहिल्या पाच स्तोत्रांचा क्रम

२, ११०, १६, २२, ११८, याच क्रमाने. २ आणि ११० मध्ये राजा स्पष्ट दिसतो म्हणून ती आधी. १६ मध्ये पेत्राचा युक्तिवाद पायरीपायरीने तपासता येतो: दावीद मेला, त्याची कबर आमच्यामध्ये आहे, मग ‘कुजू देणार नाहीस’ हे कोणाबद्दल (प्रे. कृत्ये २:२९–३१)? इथे हिब्रू शब्दाचा अर्थ ‘खड्डा’ असाही होतो आणि सेप्टुअजिंटने ‘कुजणे’ घेतला, एवढी तळटीप लिहून ठेवा. २२ ला तीनऐवजी चार बैठका लागतात. ११८ शेवटी, आणि ते ११३ पासून सलग वाचा. ही सहा स्तोत्रे वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या यहुदी सणाला गायिली जातात, आणि मत्तय २६:३० मध्ये जैतुनाच्या डोंगराकडे निघण्याआधी येशू व शिष्य जे गीत गातात ते यांतलेच असावे असे बहुतेक अभ्यासक धरतात.

पाचही झाल्यावर वहीचा चौथा रकाना वरून खाली वाचा. सगळीकडे ‘अ’ दिसत असेल तर पुन्हा स्तोत्र २२:१६ आणि ७२ उघडा.